ओलं बोट आणि १९८२ चा पडदा

प्रश्न : फ्लोरिडात राहणारा भाचा सांगतो, तिथल्या डिस्नेच्या एप्कॉट उद्यानात १९८२ सालीच पडद्यावर बोट ठेवून माहिती मिळायची. खरं का? मासळी साफ करताना फोन आला तर माझा मोबाइल ओल्या बोटाला दाद देत नाही. मग तेव्हाचे पडदे कसे चालायचे?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : भाचा थापा मारत नाही, ताई. १ ऑक्टोबर १९८२ ला एप्कॉट उघडलं. तिथल्या त्या अजस्र गोलाच्या पायथ्याशी बेल टेलिफोनवाल्यांची ‘वर्ल्डकी’ नावाची यंत्रं होती. बोट ठेवलं की उद्यानातल्या जागांची चित्रं दिसत, आणि ती यायची लेझर डिस्कवरून. अशी डिस्क म्हणजे ३० सेंटिमीटरचं ताटच. एका बाजूला ५४,००० स्थिर चित्रं मावत, त्यातलं हवं ते थेट उचलता येई. कॅसेटसारखी फीत मागे-पुढे करत बसायला नको.

मला मात्र कौतुक पुढच्या भागाचं. हवं तर पडद्यावर जिवंत माणूस यायचा! त्याला तुम्ही दिसायचात, तुम्हाला तो; बोलून जेवणाचं टेबल राखून ठेवायचं. त्याच काळात आम्ही मालवणात मुंबईचा ट्रंककॉल लागायची वाट बघत बसायचो.

आता बोटाचं. मोबाइलची काच बोटामुळे विजेच्या भारात होणारा बदल मोजते. पाणीही तसाच बदल घडवतं, खारं तर जास्तच, म्हणून ती गोंधळते. त्या काळी एक वेगळी युक्ती चालायची. १९७२ च्या ‘प्लेटो’ संगणकाच्या पडद्यावर अदृश्य अवरक्त किरणांची १६ बाय १६ जाळी होती. १९८३ च्या एचपी-१५० मध्येही किरणच. बोटाने आडवा-उभा किरण अडवला की जागा कळली. बोट ओलं असो, हातमोज्यातलं असो, नाहीतर माडाचा हीर असो, त्याला काय! खोड एवढीच, की एचपीच्या चौकटीतल्या बारीक भोकांत धूळ बसायची. आमच्या दुकानात असतं तर खाऱ्या हवेने पावसाळाभर तेच साफ करत बसलो असतो.

तुम्ही बोट आणि काच दोन्ही पुसा. आमचे मच्छीमार मोबाइल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात, त्यातूनही स्पर्श कळतो. फक्त पिशवी बाहेरून भिजली की पुन्हा तोच घोळ.