नेदरलँड्सला निघण्याआधी दाखल्यांचं अपॉस्टिल: नावं आधी, शिक्का नंतर

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: आइंडहोव्हनच्या कंपनीत नोकरी लागली आहे, सोबत पत्नी आणि चार वर्षांची मुलगी येणार आहे, निघायला तीन महिने आहेत. तुमचा जन्म सातारा जिल्ह्यातला, लग्न सांगलीचं, मुलगी पुण्याची. एजंट म्हणतो, "सगळे कागद द्या, आठ दिवसांत अपॉस्टिल करून देतो." द्यावेत का, हा तुमचा प्रश्न.

अजून देऊ नका. आधी सगळे दाखले टेबलावर पसरा, शेजारी तिघांचे पासपोर्ट ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. अपॉस्टिल म्हणजे आपला कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय त्याला लावतं ते प्रमाणपत्राचं लेबल. ते एवढंच सांगतं की कागदावर सही करणारा अधिकारी खरा आहे आणि शिक्का खरा आहे. आतला मजकूर बरोबर आहे, असं ते कुठेही म्हणत नाही. चुकीच्या नावाच्या दाखल्यालाही अपॉस्टिल सहज मिळतं. मग चूक तिथे गेल्यावर उघडकीला येते आणि नव्या दाखल्यापासून सगळी साखळी पुन्हा करावी लागते, तीही परदेशातून.

तुम्हाला लागतील ते चारच कागद: तिघांचे जन्मदाखले आणि विवाह नोंदणीचा दाखला. कंपनीने मुद्दाम मागितल्याशिवाय डिग्रीच्या मागे लागू नका. तिची पडताळणी विद्यापीठाकडून होते आणि वेळ तिथेच जातो.

आता नावांकडे, कारण अडतं ते इथेच. महाराष्ट्रातल्या जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाच्या रकान्यात पुष्कळदा नुसतं 'सुनीता' असतं, वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर मात्र दिलेलं नाव 'सुनीता रामचंद्र' आणि आडनाव 'पाटील'. आपल्याला यात काहीच वावगं दिसत नाही, पण मधलं नाव वडिलांचं असतं ही पद्धत तिथल्या कारकुनाला ठाऊक नसते. तरी हे निभावतं, कारण रामचंद्र हे नाव त्याच दाखल्यावर खालच्या ओळीत वडील म्हणून छापलेलं असतं. बोट ठेवून दाखवता येतं.

निभावत नाही ते लग्नात पहिलं नावही बदललेलं असेल तर. जन्मदाखला सुनीता रामचंद्र पाटील, पासपोर्ट सई प्रशांत देशमुख, आणि विवाह दाखल्यावर लग्नाआधीचंच नाव. मग या दोघी एकच, हे सांगणारा एकही कागद उरत नाही. त्यासाठी शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आलेला असावा लागतो आणि त्याची प्रत सोबत ठेवावी लागते. प्रतिज्ञापत्राचा आधार फार धरू नका. ते आपणच आपल्याबद्दल केलेलं विधान असतं आणि परदेशातला अधिकारी त्याला तेवढंच वजन देतो. तुमच्या पत्नीचा पासपोर्ट अजून माहेरच्या नावाचा असेल, तर माझा आग्रह आहे की तो तसाच राहू द्या. डच कायद्यात लग्नाने बाईचं नाव बदलतच नाही, त्यामुळे तिथे माहेरच्या नावाने कुणाचं काही अडत नाही आणि तिन्ही कागद आपोआप जुळतात.

दुसरी ठेच जन्मतारखेची. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही तारीख अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्टवर गेलेली असते, आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत खरी तारीख निराळीच. नावातल्या फरकावर बोलता येतं, तारखेतल्या फरकावर बोलता येत नाही. असं निघालं तर पासपोर्टची दुरुस्ती आधी, आणि त्यासाठी प्रवास पुढे ढकलावा लागला तरी चालेल. जन्मगावही बघा. पासपोर्टवर 'सातारा' आणि दाखल्यावर 'कोरेगाव' असं असतं. लक्ष्मीचं स्पेलिंग एकीकडे एक्सने आणि दुसरीकडे के-एस-एचने असतं.

जन्मनोंदीतली चूक १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली त्याच निबंधकाकडे दुरुस्त होते. रुग्णालयाची नोंद, आईवडिलांचे पुरावे लागतात. नावाचा रकाना कोराच असेल तर कायद्याने पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं, पहिल्या बारा महिन्यांनंतर विलंब शुल्क भरून. मुलीचं काम त्यामुळे सोपं आहे. तुमचं स्वतःचं तसं असेल, तर जुन्या नोंदींसाठी राज्य सरकार अधूनमधून मुदतवाढ देतं, ती सध्या चालू आहे का हे जिथे नोंद आहे त्या कार्यालयात विचारा.

जुना, हाताने लिहिलेला, फक्त मराठीतला दाखला कपाटातच राहू द्या. त्याच नोंदीवरून नवा, मराठी-इंग्रजी दोन्हीत छापलेला दाखला घ्या. डच नगरपालिका डच, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन कागद स्वीकारतात, म्हणजे भाषांतराचा खर्च वाचतो. प्रत्येकाच्या तीन प्रती काढा. निबंधकाची शाईची सही आणि गोल शिक्का आग्रहाने घ्या. क्यूआर कोडची छापील प्रत पुढच्या टेबलावर सहीसाठी परत पाठवली जाते, तो हेलपाटा वाचेल. आणि लॅमिनेशन मुळीच नको. अपॉस्टिलचं लेबल कागदाच्या पाठीवर चिकटवतात, प्लास्टिकवर ते करत नाहीत. लॅमिनेट केलेला असेल तर सोलत बसू नका, नवीन प्रत काढा.

विवाहाचा दाखला म्हणजे १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याखालचा, विवाह निबंधकाने दिलेला 'नमुना ई'. मंगल कार्यालयाचा किंवा देवस्थानचा दाखला यात धरत नाहीत. नोंदणी केलेलीच नसेल तर आजच करा, कारण पत्नीच्या डच निवास परवान्याच्या अर्जातच या दाखल्याची प्रत लागते.

साखळी अशी: निबंधकाची सही, त्यावर राज्य सरकारची सही, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. महाराष्ट्रातल्या कागदांची मधली पायरी मुंबईत राज्य सरकारच्या मंत्रालयात होते. एजंट घाईत असला की ती गाळून दिल्लीतल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याची सही घेतो. त्यावरही अपॉस्टिल मिळतं, पण साताऱ्याच्या दाखल्यावर दिल्लीच्या अधिकाऱ्याची सही का, हा प्रश्न उद्या दुसऱ्या एखाद्या देशात आला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. म्हणून कोणत्या मार्गाने करणार, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा. परराष्ट्र मंत्रालय २०१२ पासून नागरिकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच घेतं. मुंबईत हे काम त्याच्याच शाखा सचिवालयाकडे आहे. सरकारी शुल्क दर कागदाला ५० रुपये, वर एजन्सीचं थोडंसं सेवाशुल्क. एजंट हजारांत आकडा सांगत असेल तर तो धावपळीचा मोबदला आहे, शुल्क नाही. चार कागदांसाठी सहा आठवडे हाताशी ठेवा.

झेरॉक्सवर नोटरीची सही घेऊन तिचं अपॉस्टिल करून देणारेही आहेत. त्यात खरी ठरते ती फक्त नोटरीची सही, तुमचा जन्म नव्हे. नकार द्या.

कागद परत आला की उलटून बघा. लेबलच्या मथळ्याखाली ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराची, म्हणजे अपॉस्टिल ज्या आंतरराष्ट्रीय कराराने चालतं त्याची, फ्रेंच ओळ असते आणि खाली दहा क्रमांकित मुद्दे. दुसऱ्या मुद्द्यात सही कुणाची हे लिहिलेलं असतं. ते नाव दाखल्यावर सही करणाऱ्या शेवटच्या अधिकाऱ्याचंच आहे ना, हे जुळवा. लेबलवरचा क्रमांक ऑनलाइन तपासता येतो, तेही करा. स्कॅन दोन्ही बाजूंचं हवं. नुसती पुढची बाजू पाठवली म्हणून अर्ज परत आल्याचं फार वेळा घडतं.

तिथे चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याने पोचल्यापासून पाच दिवसांत नगरपालिकेकडे नोंदणी करायची असते. मूळ दाखले हातातल्या सामानात ठेवा. जन्मदाखला नसला तरी नोंद होऊ शकते, पण अर्धवट होते. पुढे पाच वर्षांनी नागरिकत्व मागताना तोच दाखला पुन्हा लागतो. विवाह दाखल्याची टाळाटाळ तर मुळीच करू नका. लग्नाची नोंद तिथे नसेल आणि दुसरं मूल तिथे जन्मलं, तर नगरपालिकेच्या लेखी आई अविवाहित ठरते. मग वडिलांना आपल्याच मुलाचं पितृत्व वेगळं नोंदवून घ्यावं लागतं.

एक इशारा नोकरी बदलणाऱ्यांसाठी. सीमेपलीकडे जर्मनीत हे अपॉस्टिल चालत नाही. भारत २००५ साली हेग करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत घेतली होती, म्हणून तिथे कागदांची वेगळी पडताळणी होते. दुबईलाही वेगळं, तिथे दूतावासाची साक्षांकनं लागतात.

काही राहून गेलं तर हेगमधला भारतीय दूतावास अपॉस्टिल करून देऊ शकत नाही, करारच दूतावासांच्या कागदांना लागू नाही. कागद भारतातच पाठवावा लागतो. म्हणून निघण्याआधी सांगलीत किंवा पुण्यात एका विश्वासू माणसाच्या नावे अधिकारपत्र करा, आणि उरलेल्या दोन-दोन प्रती व पासपोर्टच्या स्वसाक्षांकित झेरॉक्स त्याच्याकडे ठेवून या.