सासूबाईंना एका दिवसात बेळगाव दाखवायचं असेल तर

सत्तरीच्या सासूबाईंना घेऊन कोल्हापूरहून सकाळच्या बसनं यायचं आणि रात्री परत जायचं. तेवढ्यात किल्ला, कपिलेश्वर, मिलिटरी महादेव, सुवर्णसौध (कर्नाटक विधिमंडळाची इथली इमारत), राजहंसगड आणि शहापूरच्या साड्या जमतील का, असं तुम्ही विचारलंय. जमणार नाहीत. राजहंसगड येळ्ळूरला आहे, त्याला वेगळा दिवस द्या. सुवर्णसौध पार हलग्याकडं, धारवाडच्या वाटेवर. मुद्दाम तेवढ्यासाठी वाकडी वाट करू नका. उरलेल्यातलं काय ठेवायचं ते सांगतो, पण आधी माझ्या निपाणीच्या मावशीबरोबरचा दिवस ऐका.

मावशी एकाहत्तरची. नऊ वाजता बसस्टँडवर उतरली आणि थेट गणपत गल्लीच्या बाजारात शिरली. साडेनऊला तिनं दगडी खलबत्ता घेतला. चांगला पाच किलोचा. म्हटलं, "मावशी, संध्याकाळी जाताना घेऊ की." तर म्हणे, "आत्ता घेतलं न्हाई तर परत कुठलं मिळतंय?" तो खलबत्ता मग दिवसभर आमच्याबरोबर बेळगाव हिंडला.

दुसरी गोष्ट शक्ती योजनेची. जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट नाही. कंडक्टर शून्याचं तिकीट फाडतो आणि मावशी ते घडी घालून पर्समध्ये ठेवते. "फुकट असताना रिक्षा कशाला?" हा तिचा हिशेब. त्यामुळं दर ठिकाणी आधी स्टॉपपर्यंत चालणं, मग उभं राहणं. (तुमच्या सासूबाईंचं आधार महाराष्ट्रातलं असेल तर त्यांना ही सवलत नाही. सरळ रिक्षा करा.)

किल्ला मात्र स्टँडपासून जवळच. तिथली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, बघाच. 1204 साली रट्टांच्या राज्यात कार्तवीर्य चौथा गादीवर असताना त्याच्या बिचिराज नावाच्या मंत्र्यानं बांधवलेली. आत नेमिनाथ, आणि मंडपाच्या छतातून खाली उमललेलं अखंड दगडी कमळ. मान वर करून बघता बघता मावशी खालीच बसली आणि वीस मिनिटं उठली नाही. हातही आपोआप जोडलेले. मला वाटलं दमली. नंतर म्हणाली, "एवढं जड वर कसं धरलं असंल रं?" त्या वेळी माझ्या हातात खलबत्ता होता, मला तो प्रश्न अगदी मनापासून पटला. किल्ल्यातच रामकृष्ण आश्रम आहे; 1892 च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात राहून गेले, त्याची आठवण तिथं जपलीय. सफा मशीद आम्ही बाहेरून बघितली.

जेवून कॅम्पात मिलिटरी महादेवला. झाडी आहे, सावली आहे, म्हाताऱ्या माणसाला दुपारी टेकायला यापेक्षा चांगली जागा शहरात नाही. तिथं एका जवानानं पिशवी उचलायला हात लावला आणि थबकला. "आजी, काय आणलंय यात?" "चटणी कुटायचं हाय बाळा, हात लावून बघ." त्यानं बघितलं. मग दुसरा आला, तो साताऱ्याकडचा. तो म्हणाला, पहिल्यांदा तांदूळ कुटून टाकून द्या, कच निघेपर्यंत. किती वेळा कुटायचे यावर तिघांत पंधरा मिनिटं चर्चा चालली. मावशीच्या त्या दिवसातला हा सगळ्यात आनंदाचा वेळ असेल, असं मला तेव्हा वाटलं.

कपिलेश्वरला दर्शन झालं, तिथून पूल ओलांडून शहापूर. साड्यांची चार दुकानं. चौथ्यात "बर्री अक्का, बर्री" ऐकल्यावर मावशीनं कन्नडमध्येच भाव करायला घेतला आणि पाऊण तासानं पहिल्या दुकानातली साडी घ्यायचं ठरलं. माझे पाय तोवर सुजले होते.

साडेपाचला स्टँडकडं निघालो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ती काँग्रेसची विहीर हितंच कुठं हाय न्हवं?" 1924 च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, गांधीजी अध्यक्ष झाले ते तेवढं एकच. तिथल्या पाण्याच्या सोयीसाठी खोदलेली ही विहीर, टिळकवाडीत. आमचे आजोबा बारा वर्षांचे असताना बापाबरोबर बैलगाडीतून अधिवेशनाला आले होते आणि तिथलं पाणी प्याले होते, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्या एका ठिकाणी मावशी स्वतःहून रिक्षात बसली. अंधार पडत आला होता, नीट दिसलंही नाही. ती बराच वेळ उभी राहिली आणि मी खलबत्ता खाली ठेवला.

म्हणून सासूबाईंना आदल्या रात्रीच विचारा, त्यांना काय बघायचंय. ते सकाळी पहिलं करा. नंतर किल्ला, दुपारी मिलिटरी महादेव, जमलं तर कपिलेश्वर आणि शहापूर. गणपत गल्ली आणि कुंदा (बेळगावची दुधाची मिठाई) अगदी शेवटी, बस धरायच्या तासभर आधी. कुंदा खरपूस, तांबूस आणि रवाळ बघून घ्या, थोडा चाखून. मांडे घेणार असाल तर ते पिशवीत तळाला ठेवू नका.