वाचक विचारतात: इंजिनच्या बिडाच्या ब्लॉकला तडा, टाके घालू की वेल्डिंग मारू?

प्रश्न: भाऊ नमस्कार, आमच्याकडे आजोबांची मार्क टू अँबेसेडर आहे, १४८९ सीसी पेट्रोल. मे महिन्यात धुळ्याहून येताना तापली आणि चुलतभावाने घाईघाईत रेडिएटरची कॅप उघडून गार पाणी ओतलं. तेव्हापासून डायनॅमोच्या मागे, डमीजवळ (ब्लॉकच्या भोकात ठोकलेलं पत्र्याचं बूच), ब्लॉकला बोटभर तडा आहे, पाणी झिरपतं. गावातला वेल्डिंगवाला म्हणतो तासाभरात मारून देतो, दुसरा मिस्त्री म्हणतो ब्लॉक भंगारात घाला. काय करू?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर: दादा, दोघांचंही ऐकू नका. तडा पाण्याच्या जॅकेटच्या, म्हणजे सिलिंडरभोवती पाणी फिरतं त्या पोकळीच्या, बाहेरच्या भिंतीला आहे, तिथे सिलिंडरचा दाब येत नाही, फक्त पाणी अडवायचंय, मग भंगार कशाला. पण साधा वेल्डिंग रॉड तर लावूच देऊ नका. हे बीड आहे, त्यात अडीच ते चार टक्के कार्बन, तोही बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारखा पसरलेला, म्हणून बीड ताणलं की लांबत नाही, सरळ तडकतं. साधा रॉड मारला की तेवढीच जागा लालबुंद होते, बाकीचा गार ब्लॉक ती उष्णता पटकन ओढून घेतो, जोडाच्या कडेला एकदम कडक ठिसूळ पट्टा तयार होतो आणि वेल्डिंग आकसलं की "टिंग" असा आवाज येतो, झालं, जुन्या तड्याशेजारी नवीन तडा.

आधी तडा कुठवर गेलाय ते बघा, डोळ्याला दिसतो त्याच्यापुढेही तो बऱ्याचदा गेलेला असतो. जागा घासून तेल-ग्रीस काढा, रॉकेल लावा (आता मिळतंय कुठे म्हणा, डिझेल चालेल), थोडं मुरू द्या, फडक्याने कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. आत मुरलेलं बाहेर येऊन ओली रेघ काढतं. रेघेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक मारायचं म्हणजे तडा पुढे पळत नाही. रेघ सिलिंडरच्या बोअरकडे किंवा हेड बोल्टच्या भोकाकडे वळत असेल तर मात्र इंजिन पूर्ण खोलून प्रेशर टेस्ट केल्याशिवाय एक रुपया घालू नका.

माझं मत विचाराल तर टाके, म्हणजे मेटल स्टिचिंग. तड्यावर भोक मारून आटे पाडायचे, त्यात स्क्रू घट्ट बसवून डोकं कापायचं, पुढचं भोक आधीच्या स्क्रूला थोडं खाऊन मारायचं, असं करत अख्खा तडा स्क्रूंनी भरून निघतो. मध्ये मध्ये तड्याला आडव्या पट्ट्या ठोकून दोन्ही कडा धरून ठेवतात. यात आग नाही म्हणून ब्लॉक वाकत नाही, जहाजांची इंजिनंही अशीच वाचवतात. जळगाव-धुळ्यात कारीगर नाही सापडला तर मुंबईला ब्लॉक पाठवा, भाडं जाईल पण जाऊ दे.

तेही जमत नसेल तर निकेल रॉड. तड्यावर व्ही आकाराची खाच घासून घ्या, गॅसच्या टॉर्चने तापवून मुरलेलं तेल जाळा, मग एका वेळी इंचभरच वेल्डिंग, गरम असतानाच हातोडीने हलकं ठोकत राहायचं, हात ठेवता येईल इतकं गार झालं की पुढचा इंच, तोही दुसऱ्या टोकाला. गडबड्या माणसाकडे हे काम देऊ नका, आणि पाणी ओतून गार करायला तर कुणालाच देऊ नका!

काम झालं की जॅकेटची तोंडं बंद करून हवा भरा, वर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा आला तर परत. आणि बोअरवेलचं क्षाराचं पाणी घालणं बंद करा, जॅकेटमध्ये खपली धरते आणि गाडी पुन्हा तापते. शुद्ध पाणी आणि कूलंट घाला.

प्रश्न: जीपचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकलाय, पितळ भरून चालेल का?
– चोपडा

उत्तर: ब्लॉकवर चाललं असतं, इथे नको. मॅनिफोल्ड भार पडल्यावर लाल होतो, तेवढ्या उष्णतेत पितळाची ताकद जाते. निकेल रॉड लावा आणि नंतर फ्लँजची, म्हणजे इंजिनला टेकणाऱ्या कडेची, फेसिंग करून ती सपाट करून घ्या, नाहीतर गॅसकेट फुंकत राहील. दुसरा चांगला मॅनिफोल्ड मिळाला तर तोच बसवा.

प्रश्न: पद्मिनीच्या हेडलाही टाके चालतील का? आणि एम-सील?
– दोंडाईचा

उत्तर: पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा पण हेड ॲल्युमिनियमचं, त्याला आर्गॉन वेल्डिंग लागतं, ते वेगळं काम आहे. एम-सील गाडी गॅरेजपर्यंत न्यायला ठीक, त्याच्या भरवशावर सप्तशृंगीला जाऊ नका.