साडेतीनचा गजर

‘मावशी, मी २४ वर्षांचा आहे. घर रामबागेत, क्लास भंवरकुआंला, एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी चालू आहे. महिन्यातून तीन-चार वेळा मला स्वप्नदोष होतो, झोपेत वीर्यस्खलन होतं. दुसऱ्या दिवशी अंगात त्राण नसतं, वाचलेलं लक्षात राहत नाही. कधीकधी लघवीही पांढरट होते. भिंतीवरची जाहिरात बघून एका वैद्याकडे गेलो. ते म्हणाले, धात जातेय, म्हणजे वीर्य वाया जातंय, वेळेवर आलास. आठ महिन्यांत अकरा हजार रुपये गेले. गाढ झोप लागूच नये म्हणून तेव्हापासून रात्री साडेतीनचा आणि पाचचा असे दोन गजर लावतो. आईला वाटतं मी अभ्यासाला उठतो, ती बिचारी चहा करून देते. मार्गशीर्षात लग्न आहे. ते मोडावं का? आणि लिहायला लाज वाटते, पण स्वप्नात जी येते ती माझी होणारी बायको नसते. - एक घाबरलेला, इंदूर’

बाळा, लग्न मोडू नकोस. एवढं आधी वाच, श्वास घे, मग पुढचं.

तुझ्या पत्रातला एक शब्द मला खटकला. तू लिहितोस ‘स्वप्नदोष’. आपल्याकडची जुनी माणसं याला ‘स्वप्नावस्था’ म्हणायची. अवस्था म्हणजे नुसती स्थिती, येते नि जाते. दोष म्हटलं की दुरुस्ती आली, आणि दुरुस्ती आली की अकरा हजारांचं बिल आलं.

आता झोपेत काय होतं ते सांगते. रात्रभर आपण एकसारखे झोपत नाही. साधारण नव्वद मिनिटांचं एक चक्र, अशी चार-पाच चक्रं होतात. प्रत्येक चक्रात एक टप्पा असा येतो की बंद पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात, मेंदू जागेपणीइतका कामात असतो आणि हातापायांचे स्नायू मात्र सैल पडलेले असतात. ठसठशीत स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. शिकागोच्या अॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन या संशोधकांनी १९५३ साली हा टप्पा जगासमोर मांडला, त्याला रेम झोप म्हणतात. या टप्प्यात पुरुषाच्या लिंगाला आपोआप ताठरता येते, स्वप्न परीक्षेचं असो की पूर आल्याचं. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत, रात्रीतून तीन-चार वेळा. निरोगी शरीराची ही खूण आहे. त्यातून कधी स्खलनही होतं. लैंगिक वर्तनाचे अभ्यासक किन्सी यांनी १९४८ साली अमेरिकेतल्या पुरुषांविषयी जे प्रसिद्ध केलं, त्यात शंभरातल्या सुमारे ८३ जणांना आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव आलेला होता. तेवढ्या सगळ्यांची लग्नं मोडायची तर वऱ्हाडी कुठून आणायचे?

रेमचे टप्पे रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जातात. म्हणून हे बहुधा पहाटे होतं. आणि तू गजर लावलास तो नेमका साडेतीनचा आणि पाचचा! म्हणजे रोज जो टप्पा शरीराला हवा असतो त्याच्याच तोंडावर पाणी मारतोस. मेंदू ही उधारी विसरत नाही. रेम झोप हिरावली की पुढच्या निवांत रात्री तो ती जास्त काढून घेतो. तुझ्या उपायाने तुझा ‘आजार’ थांबायचा नाही, उलट स्वप्नं दाटून येतील. आणि त्राण नसणं, वाचलेलं न आठवणं? आठ महिने अर्धी झोप घेऊन दिवसभर धास्तीत राहिलास, तर माझंही तेच होईल. वाचलेलं पक्कं व्हायला झोपच लागते.

‘शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य’ हे तू ऐकलं असणारच. रस, रक्त, मांस करत शेवटी शुक्र, असा आयुर्वेदात सात धातूंचा जुना क्रम आहे, त्यावरून हे हिशेब निघाले. शरीरात मात्र तसं काही होत नाही. एका वेळी निघणारं वीर्य दीड ते पाच मिलिलीटर, चहाचा चमचा जेमतेम भरेल. त्यातला बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींतला द्रव असतो: पाणी, थोडी साखर, थोडी प्रथिनं. तुमच्या इंदूरच्या सराफा बाजारातल्या जलेब्याच्या, म्हणजे त्या भल्यामोठ्या जिलबीच्या एका वेढ्यात याहून जास्त साखर असेल. शुक्रपेशी त्यात अगदी थोड्या, आणि त्या रोज कोट्यवधी नव्या तयार होतात. साठवून ठेवायची ही तिजोरी नव्हे. पांढरट लघवी बहुतेक वेळा फॉस्फेटच्या क्षारांमुळे दिसते.

ही भीती मात्र खरी आहे, तिला मी हसत नाही. डॉ. एन. एन. विग या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० साली तिला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. वीर्य जातंय या धास्तीनेच माणसाला थकवा येतो, भूक मरते, झोप उडते. तुझ्याच पत्राची नक्कल वाटते ना? आणि मराठीत यावर कुणी बोललंच नाही असंही नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या असल्याच प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने कोर्टात उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड भरावा लागला. मला तर अजून कुणी नोटीसही पाठवलेली नाही.

वैद्याचं म्हणशील तर लैंगिक ताकद वाढवण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंती तरी रंगतातच. उरलेल्या पुड्या घेऊ नकोस, पण फेकूही नकोस. एमवायमध्ये, म्हणजे तुमच्या इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या ओळखीच्या एमबीबीएस डॉक्टरांना दाखव, आत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं. लघवीची साधी तपासणी करून घे. जळजळ, रक्त, ताप किंवा दुखणं असेल तर थांबू नकोस, लगेच जा. एवढं करूनही धास्ती जात नसेल तर तिथल्याच मानसोपचार विभागात बस. त्यात कमीपणा नाही.

राहिली स्वप्नातली ती. रेम झोपेत मेंदूचा सारासार विचार करणारा पुढचा भाग मंद असतो आणि भावनांचा भाग जोरात असतो. तिथे पाहुणे तू बोलावत नाहीस. दुसऱ्याच्या दारातली मोटरसायकल स्वप्नात चालवलीस तर चोरीचा गुन्हा लागतो का? होणाऱ्या बायकोशी बेइमानी झालेली नाही, कबुलीजबाबही द्यायचा नाही. संसारावर किंवा मूल होण्यावर या कशाचाही परिणाम होत नाही.

आज रात्री दोन्ही गजर काढ, सकाळी सातचा एकच ठेव. आणि झोपायच्या आधी आईला सांग, उद्यापासून पहाटेचा चहा नको. कारण सांगायची गरज नाही. आठ महिन्यांनी तीही झोपेल.