एफटीआयआरमध्ये (पदार्थ कोणते अवरक्त किरण शोषतो हे मोजण्याच्या तंत्रात) अगदी थोड्या नमुन्याचा सिग्नल वाढवायला चांदी-सोन्याचा पातळ थर खरंच उपयोगी पडतो का?

तुमच्याकडे नमुना जेमतेम काही मायक्रोग्रॅम आहे, एटीआरवर (नमुना स्फटिकावर ठेवून मोजण्याच्या पद्धतीत) सपाट बेसलाइनशिवाय काही दिसत नाही आणि गाइडनी चांदीचा थर देऊन बघायला सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. हो, उपयोग होतो. मी अशा फिल्म बनवून वापरतो. त्यात सगळी मदार धातूचा थर सलग न होता तुटक राहण्यावर असते, हे सुरुवातीलाच सांगतो.

साध्या एटीआरमध्ये अवरक्त किरणांचं क्षेत्र स्फटिकाबाहेर साधारण अर्धा ते दोन मायक्रॉन पोचतं. तुमचा नमुना त्यातले काही नॅनोमीटरच व्यापतो, बाकी सगळी हवा. मग पीक, म्हणजे वर्णपटातलं शोषणाचं टोक, दिसणार कसा? १९८० मध्ये आयबीएमच्या हार्टस्टाइन, कर्टली आणि त्सांग यांनी रेणूंच्या एकेरी थरावर चांदी किंवा सोन्याची अगदी पातळ फिल्म चढवली, तेव्हा शोषण सुमारे वीसपट वाढलेलं दिसलं. पुढे जपानमध्ये मासातोशी ओसावा यांनी या पद्धतीचा पाया पक्का केला. 'सरफेस एनहान्स्ड इन्फ्रारेड अॅब्सॉर्प्शन' (पृष्ठभागामुळे वाढलेलं अवरक्त शोषण) या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'सेइरा' म्हणतात.

पाच ते दहा नॅनोमीटर चांदी सपाट पसरत नाही. काचेवर पावसाचे थेंब बसावेत तशी तिची सुटी बेटं तयार होतात. प्रकाशाच्या विद्युतक्षेत्रात या बेटांमधले इलेक्ट्रॉन हलतात आणि दोन बेटांमधल्या अरुंद फटीत क्षेत्र एकवटतं. शोषण क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतं, म्हणजे क्षेत्र पाचपट झालं तर शोषण पंचवीसपट. साध्या बेटांच्या फिल्मवर दहा ते शंभरपट वाढ धरून चाला. अशाच धातूच्या पृष्ठभागावर रामन पद्धतीत (रेणूंनी विखुरलेला प्रकाश मोजण्याच्या तंत्रात) मिळणाऱ्या लाखो पटींची अपेक्षा इथे ठेवू नका. हा परिणाम धातूपासून काही नॅनोमीटरपर्यंतच टिकतो, आणि मला तीच या पद्धतीची खरी ताकद वाटते. धातूला चिकटलेला रेणू उठून दिसतो, लांबचं द्रावक जवळजवळ होतं तसंच राहतं.

थर सावकाश चढवा. थराची जाडी मोजणाऱ्या क्वार्ट्झ मॉनिटरवरचा आकडा सरासरी जाडीचा असतो, बेटांच्या उंचीचा नव्हे, त्यामुळे तुमच्या यंत्रावर चार, सहा, आठ, दहा नॅनोमीटरच्या फिल्म करून तुलना करावीच लागते. तोच आकडा असला तरी वेग आणि आधाराचा पृष्ठभाग बदलला की बेटं बदलतात. मल्टीमीटरही जवळ ठेवा. बेटं सुटी असेपर्यंत रोध प्रचंड असतो, ती जोडली गेली की झपाट्याने उतरतो. जोडणीच्या आसपास वाढ सर्वाधिक मिळू शकते, पण त्यापलीकडे गेलात की पीक वाकडे होतात, एक बाजू वर आणि एक खाली. नवखा माणूस त्याला बेसलाइनचा दोष समजून सॉफ्टवेअरने दुरुस्त करायला जातो. तसं करू नका, फिल्म नवी करा. विद्युतरसायनाचं काम असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फिल्मच इलेक्ट्रोड असते, म्हणून ती जोडलेलीच लागते.

वर्णपट वाचताना जास्त सांभाळा. धातूवर मुख्यतः तीच कंपनं दिसतात ज्यांच्यात रेणूचा द्विध्रुव (धन आणि ऋण भारांची विभागणी) पृष्ठभागाला लंब दिशेने बदलतो. पॅरा-नायट्रोबेंझोइक आम्ल घ्या, सरावाला यासारखा रेणू नाही. चांदीवर ते प्रोटॉन सोडून कार्बोक्झिलेट (आम्लाचं ऋणभारित रूप) होऊन उभं राहतं. मग १७०० सेमी⁻¹ जवळचा कार्बोनिलचा पीक जातो, १३५० जवळचा नायट्रोचा सममित पीक ठळक होतो आणि १५२० च्या आसपासचा असममित पीक दबतो. हा वर्णपट लायब्ररीशी जुळवला तर सॉफ्टवेअर भलतंच नाव सांगेल. मात्र यावरूनच रेणू पृष्ठभागावर कसा बसलाय हे कळतं, आणि ती माहिती साध्या एटीआरमधून सहजी मिळत नाही.

किती नमुना आहे हे मोजायला ही पद्धत वापरणार असाल तर जपून. धातूवर रेणूंचा पहिला थर भरला की वाढ मंदावते, सरळ रेषा मिळत नाही. अज्ञात नमुना मोजायचा तर त्याच बॅचच्या फिल्मवर ज्ञात प्रमाणांची मालिका घ्याच.

चांदीत वाढ चांगली मिळते, पण हवेतल्या गंधकाने ती काळवंडते. त्याच दिवशी वापरा. सोनं टिकतं. सिलिकॉनवर हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या द्रावणातून सोनं बसवण्याची रीत आहे आणि फिल्मही उत्तम होतात, पण प्रशिक्षण, सोबत माणूस आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर त्या आम्लाला हात लावू नका. व्हॅक्यूममध्ये धातूची वाफ करून थर चढवण्याची सोय असेल तर तीच वापरा.

नमुना टाकण्याआधी कोऱ्या फिल्मचा वर्णपट घ्या. २८५० आणि २९२० सेमी⁻¹ ला पीक दिसले तर ते पंपाच्या तेलाचे किंवा बोटांच्या चिकटपणाचे असण्याची शक्यता मोठी, कारण फिल्म मळही तितकाच वाढवून दाखवते. कोरी फिल्म स्वच्छ निघाली की तुमच्या द्रावणाचे एक-दोन मायक्रोलिटर टाकून वाळू द्या. शक्य असेल तर द्रावक मिथेनॉल घ्या, लवकर उडतो.