कोरियन मोठे आकडे: मधली इंग्रजी काढून टाका

तुम्ही लिहिलंय की कोरियनच्या दोन लेव्हल झाल्या, दुकानातले भाव कळतात, पण मोठी रक्कम कानावर पडली की आधी तिचे 'मिलियन' करता, मग शून्यं मोजता, आणि तोवर समोरचा पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. वाचलं आणि सोलमधलं माझं पहिलं वर्ष आठवलं. वयाला लागणारे हाना, दुल (एक, दोन) वेगळे आणि पैशाला लागणारे इल, ई, साम (एक, दोन, तीन) वेगळे, हे तुम्हाला येतंच असणार, ते सोडून देतो.

मला सगळ्यात महाग पडलेली चूक आधी सांगतो. भाड्याची खोली बघायला गेलो होतो. एजंट म्हणाला, "ओबेगे ओशिप." डिपॉझिट ओबेक, म्हणजे पाचशे, आणि भाडं ओशिप, म्हणजे पन्नास. दोन्हींच्या पुढे 'मान' (दहा हजार) असतो, पण घरभाड्याच्या बोलण्यात तो सर्रास गाळतात. भाडं 50 मान हे मी जाहिरातीत वाचलं होतं आणि डोक्यात ते 'फाइव्ह हंड्रेड थाउजंड' म्हणून बसलं होतं. 'ओबेक' ऐकलं, पुन्हा 'फाइव्ह हंड्रेड', आणि पुढचा 'थाउजंड' मीच जोडला. एका महिन्याच्या भाड्याएवढं डिपॉझिट, यात मला काहीच वावगं वाटलं नाही. खोली धरून ठेवायला त्याने 50 मान मागितले. त्याच संध्याकाळी पाठवले आणि डिपॉझिट भरून झालं असं समजून बसलो. तो नुसता विसार होता, डिपॉझिटच्या दहा टक्के.

आठवड्याने करारनामा समोर आला, त्यावर 5,000,000. उरलेले 450 मान, म्हणजे 45 लाख वॉन, माझ्याकडे नव्हते. खोली गेली, विसारही परत मिळाला नाही. आपले तीस हजारांच्या आसपास रुपये, शिष्यवृत्तीतून साठवलेले.

त्याहून जास्त राग येतो तो परदेशी विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका ऑफिसचा. नाव घेत नाही. पैसे पाठवण्याआधी तिथे जाऊन मी मुद्दाम विचारलं होतं, ओबेक म्हणजे नक्की किती? स्क्रीनवरची नजर न काढता "फाइव्ह हंड्रेड" एवढंच उत्तर मिळालं. वर "खासगी करारात आम्ही पडत नाही." एका कागदावर शून्यं लिहून दाखवायला अर्धं मिनिट लागलं असतं. ज्यांच्यासाठी ते ऑफिस आहे त्यांना नेमकी याच गोष्टीची गरज असते.

आता माझं मत. मी शिक्षक नाही, आणि लहानपणापासून मिलियनमध्येच विचार करणाऱ्यांना हे कितपत लागू पडेल सांगता येत नाही. पण लाख-कोटीत वाढलेल्या माणसाने मध्ये इंग्रजी आणूच नये. इंग्रजी नाव दर तीन शून्यांनी बदलतं, कोरियन चारांनी: मान, मग ऑक, मग जो (लाख कोटी). आपली जोडणी सरळ लागते. दहा मान म्हणजे लाख, शंभर मान म्हणजे दहा लाख, हजार मान (छॉनमान) म्हणजे बरोब्बर एक कोटी. ऑक म्हणजे दहा कोटी, दहा ऑक म्हणजे अब्ज. एवढी एकच शिडी पाठ करा. भास्कराचार्यांच्या यादीत दहा हजाराला 'अयुत' आणि दहा कोटीला 'अर्बुद' अशी स्वतंत्र नावं आहेत, तेच मान आणि ऑक. हे कळल्यावर मला ती गणना परकी वाटेनाशी झाली.

छापलेल्या आकड्यात मात्र स्वल्पविराम तिकडेही तीन-तीन अंकांवरच असतात. ते बघू नका. उजवीकडून चार अंक सोडून पेन्सिलने रेघ मारा. 32,750,000 म्हणजे 3275 | 0000. साम-छॉन-ई-बेक-छिल-शिप-ओ, पुढे मान. आपले 3 कोटी 27 लाख 50 हजार.

ऐकताना अडतं ते बऱ्याचदा गणितामुळे नसतंच. उच्चार बदलतात. शिप (दहा) आणि मान जोडून 'शिम्मान' होतं, बेक-मान (शंभर मान) 'बेंगमान', युक-मान (सहा मान) 'युंगमान'. दहा ऑक 'शिबॉक' ऐकू येतात, शंभर ऑक 'बेगॉक'. पुस्तकातलं स्पेलिंग डोळ्यांनी पाठ केलेल्याला हे शब्द अनोळखी वाटतात. मोठ्याने म्हणा, भाड्याच्या जाहिराती घेऊन म्हणा, कारण कोष्टकातले 'टेन मिलियन' रोज कोणी बोलत नाही. शिवाय बोलताना दहा हजाराला नुसतं 'मान' म्हणतात, 'इल' लावत नाहीत. दहा कोटींना मात्र 'इरॉक', तिथे इल लागतो. करारनाम्यावर खाडाखोड होऊ नये म्हणून कोटीसुद्धा 'इल-छॉन-मान' असा पूर्ण लिहितात, तेव्हा तो वेगळा आकडा समजून घाबरू नका.

विसाराचे कायदेशीर बारकावे मला विचारू नका, त्यासाठी जाणकार गाठा. पण एक करा. एजंटने तोंडी रक्कम सांगितली की फोनवर सगळ्या शून्यांसकट टाइप करून त्याच्यासमोर धरा, डिपॉझिटची वेगळी, आज द्यायची वेगळी. तिकडच्या बऱ्याच बँक ॲपमध्ये आकडा टाकला की खाली तीच रक्कम 'मान'मध्ये दिसते. बटण दाबण्याआधी ती ओळ मोठ्याने वाचा, आणि लाखात किती झाले ते मराठीतच मोजा.