रविवारी जा, पोरी

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप तीनदा वाचला. लॅबमधल्या मैत्रिणीनं रविवारी ड्राखेनफेल्सच्या डोंगरावर चल म्हटलंय आणि चार दिवस झाले तरी तू तिला हो म्हटलेलं नाहीस. का, तर जर्मन अजून मोडकंतोडकं येतं, दिवसभर बोलणार काय? म्हणून इथं बेळगावात उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत जायच्या आधी हे लिहायला बसलो. आधी तिला हो कळव, मग पुढचं वाच.

मोडक्या भाषेला तू घाबरतेस याचं मला खरंच नवल वाटतं. तू बेळगावातल्या वडगावची. घरात मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी, असं तुझं बालपण गेलं. तुझं कन्नड कधी तरी व्याकरणात बसलं का? तरी मैत्रिणी झाल्याच की! मी फाउंड्रीत लागलो तेव्हा माझ्या शेजारी गोकाककडचा एक मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारा, होता. त्याला मराठी येत नव्हतं, मला कन्नडचे दहा शब्द. रोज दुपारी तो विचारायचा, "ऊट आतेन्री?" म्हणजे जेवण झालं का? मी मान हलवायचो. मग तो फडकं सोडायचा आणि अर्धी ज्वारीची भाकरी, त्यावर शेंगदाण्याची चटणी माझ्या डब्याच्या झाकणात ठेवायचा. आमची मैत्री तीस वर्षं टिकली. भाषा नीट येऊ दे, मग दोस्ती करू, असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही. सीमेवर वाढलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही, फक्त परदेशात गेल्यावर ते विसरायला होतं.

मी स्वतः विसरलो होतो. 1987 साली कंपनीनं मला वर्षभरासाठी कोलोनजवळ पाठवलं. पहिले दोन महिने मी रविवारी खोलीत बसून पत्रं लिहीत होतो. मग तिथल्या एका पॅटर्नवाल्यानं, म्हणजे साच्यासाठी लाकडी नमुने करणाऱ्यानं, मला याच डोंगरावर नेलं. ड्राखेन म्हणजे ड्रॅगन आणि फेल्स म्हणजे खडक. सीगफ्रीड नावाच्या वीरानं तिथं ड्रॅगन मारला अशी दंतकथा आहे. उंची म्हणशील तर 321 मीटर, म्हणजे फार नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावर शाळेची सहल नेतात तसा तो तिथल्या लोकांचा डोंगर आहे. वर पडका किल्ला, खाली ऱ्हाईन.

वर चढताना त्यानं मला थांबवलं, माझा पंजा धरला आणि एका उघड्या खडकावर टेकवला. करड्या दगडात नखाएवढे, काही त्याहून मोठे चपटे स्फटिक होते, उन्हात चकाकणारे. फाउंड्रीतला माणूस मोडलेल्या धातूचे कण जसे निरखून बघतो, तसे आम्ही दोघं त्या दगडावर वाकलो. मग त्यानं नदीच्या उताराकडं, कोलोनच्या दिशेनं बोट केलं आणि एकच शब्द बोलला, "डोम". कोलोनचं ते थोरलं कॅथेड्रल ज्या दगडांतून उभं राहिलं त्यांतल्या एका जातीचा दगड इथला. एका शब्दात मला सगळं समजलं. पुढं वाचलं तेव्हा कळलं, खाणीमुळं किल्लाच ढासळायला लागला म्हणून 1836 मध्ये सरकारनं डोंगर विकत घेऊन तो राखला. तू त्या खडकाला हात लावशीलच.

तिथं 1883 पासून चालणारी दातेरी रुळांची छोटी गाडी आहे. तिनं वर जाऊ नकोस, चालत जा. हवं तर उतरताना बस तिच्यात. सांगतो का ते. समोरासमोर बसलं की गप्प राहणं जड जातं. शेजारी शेजारी चढण चढताना दोघी दहा मिनिटं बोलला नाहीत तरी काही वाटत नाही. दम खाता खाता एखादा शब्द आपोआप निघतो.

आता माझी चूक ऐक. खाली आल्यावर आम्ही कॉफी आणि केक घेतला. बिल आल्याबरोबर मी झडप घालून सगळे पैसे दिले, आपल्याकडं हॉटेलच्या गल्ल्यावर "मी देतो, मी देतो" करतात तसे. तो गप्प झाला. पुढचे तीन आठवडे त्यानं मला कुठं बोलावलं नाही. शेवटी मीच विचारलं, तेव्हा त्यानं हळू आवाजात सांगितलं की तुला मी बोलावलं होतं आणि तूच मला ऋणात टाकलंस. माझ्या मनात प्रेम होतं, त्याला ते ओझं वाटलं. तिथं वेटर विचारतो, "त्सुझामेन ओडर गेट्रेंट?" म्हणजे एकत्र की वेगवेगळं? तू "गेट्रेंट" म्हण आणि आपलं आपण दे. तिनं देते म्हटलं तर एकदा नको म्हण, मग मनापासून धन्यवाद दे. पुढची कॉफी तुझी.

बाकी किरकोळ. सांगितलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी स्टेशनवर उभी राहा. रविवारी तिथं दुकानं बंद असतात, म्हणून पाव, फळं, पाणी शनिवारीच घे. डॉइचलांड-टिकीट, म्हणजे तिथला देशभर चालणारा महिन्याचा पास, असेल तर लोकल आणि रीजनल गाडीत चालतं, आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाडीत नाही. प्लास्टिकची रिकामी बाटली फेकू नकोस, परत दिली की 25 सेंट मिळतात. तिनं ती तुझ्या हातून काढून आपल्या पिशवीत ठेवली तर संकोचू नकोस, तिच्यासाठी ती रोजची सवय आहे.

फोटो थोडे काढ. तिच्या लहानपणाबद्दल विचार, तिच्या आजीचं गाव कुठलं ते विचार. शब्द अडला की "हे जर्मनमध्ये काय म्हणतात?" असं विचारायचं. एवढ्या एका प्रश्नावर मी कन्नड शिकलो आणि जर्मनही.

आणि हा दिवस संपायच्या आधी तिला पुढचं आमंत्रण दे, तारीख ठरवून. दरवेळी पाहुणीच राहिलीस तर मैत्री एका पायावर उभी राहते. खोलीवर बोलाव, काहीतरी आपलं करून घाल. आईला कुंदा पाठवायला मात्र सांगू नकोस. तो दुधाचा आणि बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ पार्सलनं किंवा सामानातून न्यायला युरोपात मनाई आहे, कस्टममध्ये अडकेल. त्यापेक्षा तिथंच पीठ आणून भाकरी थाप. पहिली दोन फाटतील, फाटू देत. शेंगदाण्याची चटणी मी आईकडून कुटवून घेतो आणि इथून कोण निघतंय ते बघतो. शेंगदाणे तिला चालतात का, तेवढं रविवारी विचारून ठेव. तिकडं बऱ्याच जणांना ते बाधतात.

तुझा,
काका